हिरव्या जोडीची ताटातूट

चोवीस वर्षांची असताना मला जगातलं सगळं कळत होतं. आज नातीचा डबा कुठल्या पिशवीत घालायचा हे रोज सकाळी विचारावं लागतं. पण त्या वयात कुणी प्रश्न पुरता विचारायच्या आत माझं उत्तर तयार असे, आणि उत्तर चुकलंच तर समोरच्याला प्रश्न नीट विचारता आला नाही असं मी ठरवून टाकी. कंबरेपर्यंत वेणी, छपरापर्यंत आवाज, आणि पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. तो तर मी जणू कुंकवासारखा कपाळावर लावून हिंडत होते. त्या मुलीबद्दल लिहायचं म्हणजे स्वल्प निर्दय व्हावं लागेल, तर होते. तिची टर उडवायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

आम्ही राजाजीनगरात राहायचो, एका पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि ती अचानक बंद पडली की आपण सगळेच ओरडून बोलतोय हे लक्षात येऊन घरभर शांतता पसरायची. माझा आवाज असा का, याचं उत्तर तिथं आहे. रागी दळायला आली असेल त्या दिवशी आमच्या कपड्यांनासुद्धा भाकरीचा वास यायचा. आमचं घराणं बेंगळूरला किती पिढ्यांचं हे कुणाला मोजता येत नसे. पूर्वज कुणा सरदाराच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून आले, असं माझे वडील, म्हणजे अण्णा, पाहुण्यांना सांगायचे. ‘घोड्यावर नव्हे रे, घोड्यामागून. लीद उचलत,’ असं त्यांची थोरली बहीण गिरजक्का स्वयंपाकघरातून सांगायची. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कचेरीत त्यांचा शब्द चाले, घरात गिरजक्काचा. आई या दोघांच्या मधे बसून तांदूळ निवडत असे आणि दोघांनाही ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणत असे.

गिरजक्काचा नवरा तिच्या विसाव्या वर्षीच गेला होता. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण तिच्या घरात (घर अण्णांचं, पण तिचंच) कुठलीही जोडी मोडलेली तिला खपत नसे. विड्याची पानं दोन दोन. वाटी दिली की पेला दिला. लग्नाच्या पंगतीत कुणी नवऱ्याला इकडं आणि बायकोला तिकडं बसवलं तर ही वाढणाऱ्याला थांबवून आधी पाट हलवायला लावी. रोज दुपारी ती खिडकीशी बसून मल्लिगे आणि कनकांबराची, म्हणजे मोगऱ्याची आणि अबोलीची, माळ बांधायची: दोन कळ्या इकडं तोंड करून, दोन तिकडं, मधे दोऱ्याचा वेढा. एक कळी कमी पडली तर जोडीतली उरलेली ती देवाला वाहायची, पण एकटी माळेत घालायची नाही. मला तिनंच बांधायला शिकवलं. ‘बोटांनी बघ, डोळ्यांनी नको,’ म्हणायची. अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत तर बोटांची परीक्षाच. रात्रभर भिजवलेले दाणे सकाळी दोन बोटांत धरून दाबायचे, साल एका बाजूला, डाळ दुसऱ्या बाजूला. डाळ दुभंगली की गिरजक्का ती आपल्या टोपलीतून उचलून माझ्यापुढं ठेवायची. चार दिवस घरात तेच: अवरेची हुळी म्हणजे आमटी, अवरेचं उप्पीट, अवरेची उसळ, आणि अण्णांचं पोट.

नंजुंडप्पांचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला होतं. जन्मभर घरांत आणि कारखान्यांत विजेच्या वायरी घातलेला मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. शहरात कचेऱ्या संगणक घ्यायला लागल्या होत्या आणि ते संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून त्यांच्यामधे केबल घालायला माणसं कमी पडत होती. नंजुंडप्पांनी ते काम घ्यायला सुरुवात केली. मला त्यांनी ठेवलं ते फोन उचलायला आणि इंग्रजी पत्रं टाइप करायला. डिप्लोमावाल्या मुलीला फोनच्या टेबलावर! मी रोज संध्याकाळी घरी येऊन त्याबद्दल भाषण करायची. अण्णा म्हणायचे, ‘फोनसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सच असतो की.’

पण नंजुंडप्पांची बोटं केळ्यांसारखी. जाड वायर ती बोटं लोण्यासारखी वळवायची. ही नवी केबल म्हणजे निळ्या सालीच्या आत केसासारख्या बारीक आठ तारा, दोन दोनचा पीळ घातलेल्या. नारिंगी आणि तिची पांढरी-नारिंगी, हिरवी आणि तिची पांढरी-हिरवी, तशाच निळी आणि तपकिरी. साल सोलायची, पीळ उलगडायचा, आठही तारा ठरलेल्या क्रमानं शेजारी शेजारी सरळ करायच्या, टोकं एका रेषेत कापायची, नखाएवढ्या पारदर्शक कनेक्टरात आठ खोबणींतून सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. कट्ट. एक तार जरी शेजारच्या खोबणीत गेली तरी कनेक्टर कचऱ्यात. नंजुंडप्पांच्या टेबलाखाली अशा कनेक्टरांचा ढीग साठला होता. एकदा ते चष्मा कपाळावर ढकलून उसासा टाकताना मी म्हटलं, ‘सार, मी बघू?’ आणि त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. पहिलाच बरोबर बसला. अवरे सोलणाऱ्या घरातली मुलगी. केबलची साल काय चीज! मग आठ दिवस फोन वाजत राहिला आणि मी पक्कड दाबत राहिले. शेवटी ते म्हणाले, ‘नोडम्मा, हे बघ, पुढचं काम तुझ्या हातानं करू. नीट झालं तर पक्कड तुझी. नाही झालं तर तू आणि फोन.’

पुढचं काम म्हणजे राजाजीनगरातल्याच एका मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा आरेखन विभाग. लांबलचक हॉल, चार रांगांत चोवीस टेबलं, प्रत्येकावर संगणक, आणि दाराजवळच्या कपाटात हब, म्हणजे ज्यात सगळ्या केबली येऊन मिळतात ती पेटी. शिडीवर चढायचं, छताच्या फळ्यांमधून केबल ओढायची, खांबावरून खाली आणायची. घरी अण्णांनी विचारलं, ‘शिडीवर? एवढ्या पुरुषांसमोर?’ गिरजक्का म्हणाली, ‘मग काय पुरुषांना बाहेर काढायचं? चढू दे. सलवार घालून चढ गं, आणि उतरताना खाली बघ.’ झालं, ठरलं.

पहिली केबल नंजुंडप्पांनी स्वतः घातली, सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, म्हाताऱ्या हेड ड्राफ्ट्समनच्या टेबलापर्यंत. दोन्ही टोकांना कनेक्टर त्यांनीच बसवले, घाम गाळत. मग रंगांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि म्हणाले, ‘ह्या कागदात आहे तस्संच.’ आणि ते दुसऱ्या कामावर देवनहळ्ळीकडं तीन दिवसांसाठी निघून गेले.

मी तो कागद वाचला. पाचशे अडुसष्ट बी असं त्या क्रमाचं नाव. पांढरी-नारिंगी, नारिंगी. ठीक. पांढरी-हिरवी. मग निळी. मग पांढरी-निळी. आणि मग हिरवी. मी पुन्हा वाचला. नारिंगी जोडी शेजारी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी शेजारी, आणि बिचाऱ्या हिरव्या जोडप्याच्या मधे निळं जोडपं ऐसपैस मांडी घालून बसलेलं! नवरा तिसऱ्या पाटावर, बायको सहाव्या. आमच्या घरी असा पाट मांडणाऱ्याला गिरजक्कानं जेवू दिलं नसतं. मला वाटलं, हा कागद कुणा घाईतल्या माणसानं काढलाय, किंवा छापताना चूक झालीय, किंवा नंजुंडप्पांना कागद देणाऱ्याला परत विचारायची लाज वाटली असणार. काय काय वाटलं! एकच गोष्ट वाटली नाही, ती म्हणजे आपल्याला यातलं काही माहीत नसेल.

आणि मी ती जोडी जुळवली. पांढरी-हिरवी, हिरवी, मग पांढरी-निळी, निळी. सगळी जोडपी आपापल्या जागी, दोन्ही टोकांना सारखीच. टेस्टर लावला: एका टोकाला एक डबी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि त्यावरचे आठ दिवे ओळीनं एक, दोन, तीन करत आठपर्यंत लागले. एकही चुकला नाही. तीन दिवसांत तेवीस केबली घातल्या मी. सेहेचाळीस टोकं, आणि प्रत्येक टोक बघून मनात म्हटलं, किती देखणं बसलंय. शिडीवरून उतरताना खाली बघायलासुद्धा मी विसरले नाही. परवा जावयांच्या टेबलामागची केबल ढिली झाली तेव्हा मी चष्मा लावून तिचा कनेक्टर उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. त्यांना वाटलं सासूबाईंना मोतीबिंदू झाला. नागपूरचे आहेत, लगेच डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांना काय सांगणार, की मी हिरवी कुठं बसलीय ते बघत होते.

कारखान्यात संगणकांचं सगळं बघायला जोगळेकर साहेब होते. पुण्याहून आलेले, इस्त्रीच्या शर्टाचे. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांना आधी आनंद झाला, आणि मी बोलल्यावर त्यांचा चेहरा कुणी चहात मीठ घातल्यासारखा झाला. ‘तुमचं मराठी... वेगळंच आहे हो,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘जुनं आहे, सार. तुमचं नंतर निघालं.’ शुक्रवारी त्यांनी काम तपासून घेतलं. एका संगणकावरून बाकीच्यांना दोन-दोन ओळींची पत्रं पाठवली, सगळी पोचली. त्यांनी मान हलवली. घरी त्या रात्री मी जेवताना एवढं बोलले, की खालची गिरणी कधी बंद झाली तेही मला कळलं नाही.

शनिवारी सकाळी ड्राफ्ट्समन मंडळींनी मोठमोठी ड्रॉइंगं उघडायला घेतली आणि हॉल बसला. पत्राच्या दोन ओळी निभावून गेल्या होत्या. ड्रॉइंग मात्र अर्धं आलं की थांबे, मग संगणक घुमल्यासारखा गप्प. दाराजवळची पहिली रांग कशीबशी चालत होती. दुसरी रखडत होती. तिसरी आणि चौथी मेली. आम्हाला बोलावणं आलं. नंजुंडप्पा देवनहळ्ळीहून परत आले होते. आम्ही दोघं हॉलमधे शिरलो तेव्हा चोवीस माणसं हात बांधून आमच्याकडं बघत होती.

‘ही केबल काय प्रतीची आहे?’ जोगळेकरांनी विचारलं.

‘चांगली आहे, सार,’ नंजुंडप्पा म्हणाले.

‘चांगली असती तर मी इथं उभा असतो का? सोमवारी सकाळी साडेआठला मी दुसऱ्या पार्टीची माणसं बोलावलीयत. सगळं उपसून नव्यानं घालतील. तुम्हाला काय करायचं ते तोपर्यंत करा.’

मी पुढं झाले. ‘सार, टेस्टरचे आठही दिवे लागतात. दोष तुमच्या संगणकांत आहे.’ असं म्हटलं मी. चोवीस माणसांसमोर. आजही आठवलं की मी पदरानं तोंड झाकून घेते, आणि सध्या मी पदर घेतही नाही.

नंजुंडप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘नोडम्मा, केबलचा हा गठ्ठाच खराब आला असेल. तुझा दोष नाही.’ आणि मग, ‘पण सोमवारपासून फोन बघ.’ रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते तर मला समजावत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू नये म्हणून मी हॉलच्या लांबच्या टोकाला चालत गेले, आणि तिथं कोपऱ्यात म्हातारे हेड ड्राफ्ट्समन पान चघळत, एका भल्या मोठ्या गिअरच्या ड्रॉइंगवर शांतपणे काम करत होते.

‘तुमचं चालतंय?’ मी विचारलं.

‘चालतंय की. का, चालायचं नाही?’

सगळ्यांत लांबची केबल. सगळ्यांत आधी मरायला हवी होती ती. बाकीच्यांना वाटत होतं की म्हातारबुवा इतके सावकाश काम करतात, त्यांना बंद पडलेलं कळलंच नसेल. मी त्यांच्या टेबलाखाली शिरले, कनेक्टर ओढून बाहेर काढला (‘अय्यो, आता माझंही घालवलंस!’) आणि शेजारच्या टेबलाचा माझा कनेक्टर त्याच्याशेजारी धरला. दोन्ही पारदर्शक. एकात हिरवी दूर बसलेली, निळी जोडी मधे घेऊन. त्या वेड्यावाकड्या बसलेल्या तारा नंजुंडप्पांच्या केळ्यासारख्या बोटांच्या. दुसऱ्यात सगळी जोडपी शेजारी, रांगोळीसारखी. आणि चालत होता तो पहिला.

टेबलाखाली बसल्या बसल्या मला माझ्याच परीक्षेतलं उत्तर आठवलं. दोन तारांना पीळ का घालतात? एकच बोलणं त्या दोघींमधून जातं म्हणून. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि आपोआप पुसला जातो. संगणक ऐकतो ते कनेक्टरच्या तिसऱ्या आणि सहाव्या पायातून, म्हणजे खोबणीतून. म्हणजे तिथं एकमेकींचा पीळ असलेल्या दोघीच बसायला हव्यात. मी तिसऱ्यात हिरव्या जोडीतला नवरा आणि सहाव्यात निळ्या जोडीतली बायको बसवली होती. दोघांचं बोलणं एक, पण पीळ दुसऱ्याच कुणाशी. मग बाजूचा सगळा गोंगाट त्यांच्या बोलण्यात शिरणारच. जवळच्या टेबलांना ते निभावत होतं, लांबच्यांना नाही. टेस्टरला यातलं काही दिसत नाही. तार इथून तिथं पोचली एवढंच त्याला कळतं. या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण होते. मास्तरांनी त्याखाली लाल शाईनं ‘गुड’ लिहिलं होतं. गुड!

टेबलाखालून बाहेर यायला मला बराच वेळ लागला. खोटं का बोलू, पहिला विचार आला तो असा, की गप्प राहावं. गठ्ठा खराब आहे म्हणतायत ना सगळे, असू दे खराब. मी फोनवर बसेन, पण माझं नाव स्वच्छ राहील. मग मी नंजुंडप्पांकडं बघितलं. ते खांबाला टेकून केबलचा तुकडा बोटांत फिरवत होते, कुठं खराब आहे ते शोधत. मी जाऊन सांगितलं, ‘सार, केबल चांगली आहे. मी कागद बदलला.’ आणि त्यांना कोपऱ्यात आणून दोन्ही कनेक्टर त्यांच्या हातात दिले.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग विचारलं, ‘का बदललास?’

मी जोडीचं सांगितलं. पंगतीचंही सांगितलं, काय करणार.

नंजुंडप्पांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग तो कमी बोलणारा माणूस डोळे पुसत हसला. ‘हिरवी तिथं का बसते ते मलाही गोत्तिल्ल, ठाऊक नाही,’ म्हणाले. ‘पण मी जन्मभर वायर घातली, कागदाशी कधी भांडलो नाही. उद्या रविवार. वॉचमन सकाळी आठ ते पाच दार उघडं ठेवील. सेहेचाळीस टोकं. माझ्या बोटांनी दहासुद्धा व्हायची नाहीत.’

घरी मी जेवायला बसले आणि एक शब्द बोलले नाही. अण्णांनी घाबरून आईला विचारलं, ‘ताप आहे का हिला?’ शेवटी सगळं सांगितलं. हिरव्या जोडीचं सांगताना मी गिरजक्काकडं बघत नव्हते. ती म्हणाली, ‘तारा सरळ करून ओळीत लावायच्या एवढंच ना? पक्कड दाबायची नाही? मग मी येते की.’ अण्णा म्हणाले, ‘कारखान्यात?’ ती म्हणाली, ‘नाही, मंगळावर. तू डबा पोचव दुपारी.’

तर रविवारी सकाळी आठला, नऊवारी नेसलेली, एका पिशवीत अवरेचं उप्पीट आणि दुसऱ्या पिशवीत स्वतःचा पाट घेऊन गिरजक्का त्या हॉलमधे आली. नंजुंडप्पांनी हात जोडले. ती पहिल्या टेबलाशी पाट टाकून बसली, मी जुनं टोक कापून, साल काढून, पीळ उलगडून तिच्या हातात दिलं आणि रंगांचा तक्ता पुढं ठेवला. तिनं नारिंगी जोडी सरळ केली. पांढरी-हिरवी घेतली. मग तिचा हात थांबला.

‘आणि ही?’

‘ती सहावी. मधे निळी दोघं.’

‘असं कुणाच्या घरात बसवतात गं?’

‘संगणकाच्या घरात. अक्का, वेळ नाही.’

‘वेळ नाही म्हणून दुसऱ्याची जोडी मोडायची?’ तिनं तारा खाली ठेवल्या. नंजुंडप्पा शिडीवरून बघत होते. तिनं ‘बेड’, म्हणजे नको, म्हटलं असतं तर तिच्याकडून ते कुणीही करून घेऊ शकलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मोठ्या आवाजाची मी हळू आवाजात सांगायला लागले, की अक्का, ह्या दोघी शेजारी नाहीत, पण आतून पिळाच्याच आहेत. कनेक्टरात एवढंसं अंतर, मागं हॉलभर लांब केबलीत त्या एकमेकींना धरूनच जातात. आणि ह्या दोघींमधून एकच बोलणं चालतं. मी त्यांना वेगवेगळ्यांशी बोलायला लावलं, म्हणून सगळं बिघडलं.

गिरजक्का ऐकत होती. मग तिनं हिरवी तार पुन्हा उचलली, अंगठ्यानं सरळ केली आणि सहाव्या जागी ठेवली.

‘मग बसू दे दूर,’ ती म्हणाली. ‘बोलणं चालू आहे ना, झालं तर.’ थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, ‘दे पुढचं.’

तिची बोटं! माळ बांधावी तशी ती तारा लावत गेली, तक्त्याकडं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. मी घेतलं, टोक कापलं, सरकवलं, कट्ट. दुसरं. तिसरं. तिच्या हातून माझ्या हाती येईपर्यंत एकही तार इकडची तिकडं हलली नाही. दुपारी अण्णा डबा घेऊन आले. आत यायला लाजत होते, मग चित्रान्न खाऊन झाल्यावर हळूच कापलेले तुकडे गोळा करायला लागले. नंजुंडप्पा शिडीवरून केबली सोडवत होते. पावणेपाचला सेहेचाळिसावं टोक झालं. टेस्टरचे आठ दिवे लागले, आणि त्यांच्याकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. खरी परीक्षा ड्रॉइंगांची, आणि संगणक उघडायच्या किल्ल्या जोगळेकरांकडं.

सोमवारी साडेआठला दुसऱ्या पार्टीची चार माणसं शिड्या घेऊन दारात उभी होती. जोगळेकर घड्याळ बघत म्हणाले, ‘चला, एकदा दाखवा. मग यांना आत घेतो.’ म्हातारे हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, ‘दोन ओळींची पत्रं नकोत. माझा मोठा गिअर उघडा. सगळ्यांनी एकदम.’ चोवीस माणसं बसली, चोवीस कळा दाबल्या गेल्या. मी कपाटाशी उभी होते, पक्कड पोटाशी घट्ट धरून. हबवरचे दिवे लुकलुकायला लागले. पहिल्या रांगेत गिअर आला. दुसऱ्या रांगेत आला, एकेक दात करत. तिसरीत आला. चौथीत सगळ्यांकडं आला, एका टेबलाकडं नाही.

पडदा रिकामाच. दारातल्या चौघांपैकी एकानं शिडी खांद्यावर घेतली. मी धावत गेले, टेबलाखाली घुसले. कनेक्टर भोकाशी टेकलेला होता, आत गेलेलाच नव्हता; सकाळी झाडणारीचा झाडू लागला असणार. मी अंगठ्यानं दाबला. टक्क. वरून कुणीतरी ओरडलं, ‘बंतु, बंतु! आलं!’

टेबलाखालून मी बाहेर आले तेव्हा हॉलभर एकच गिअर होता, चोवीस पडद्यांवर. ड्राफ्ट्समन टाळ्या वाजवत होते. दारातल्या माणसानं शिडी खाली ठेवली आणि तोही वाजवत होता, बिचारा.

जोगळेकरांनी चष्मा पुसला. ‘म्हणजे गठ्ठा खराबच होता तर. नवीन केबल घातलीत?’

नंजुंडप्पांनी तोंड उघडलं. ते हो म्हणणार होते, माझ्यासाठी. मी आधी बोलले, आणि त्या हॉलमधे सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले. ‘नाही सार. केबल तीच आहे. टोकं मी चुकीची लावली होती, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. कागद दिला होता, तो मी दुरुस्त केला. आणि तुमचे संगणक चांगले आहेत.’

‘पण दिवे तर आठही लागत होते.’

‘दिव्यांना जोडी कळत नाही,’ मी म्हटलं, आणि कापलेलं एक जुनं टोक आणि रंगांचा तक्ता त्यांच्या हातावर ठेवून सगळं समजावलं. पीळ, तिसरा पाय, सहावा पाय. माझ्या त्या जुन्या, कन्नडनं भरलेल्या मराठीत. त्यांनी एकदाही चेहरा वाकडा केला नाही. उलट मधे थांबवून म्हणाले, ‘हे पुन्हा सांगा,’ आणि खिशातून वही काढून लिहून घेतलं. मग दारातल्या माणसांना चहा पाजून परत पाठवलं.

वही खिशात ठेवून ते नंजुंडप्पांकडं वळले. ‘वरच्या मजल्यावर चाळीस टेबलं लागणार आहेत. किती दिवस घ्याल?’

नंजुंडप्पा शिडीची दोरी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘अवरन्ने केळि, सार,’ ते म्हणाले. तिलाच विचारा.

जोगळेकरांनी मला विचारलं. तेवीस ड्राफ्ट्समन, झाडणारी आणि म्हातारे हेड ड्राफ्ट्समन ऐकत होते.

‘सहा दिवस,’ मी म्हटलं.

नऊ लागले.